विचारून झालेले प्रश्न

आमच्या गल्लीतले कर्णे बंद झाले की समजावं, परीक्षा आल्या. एरवी कलकत्त्याला गप्प बसायला कारण लागतं आणि ते सहसा सापडत नाही. सरस्वतीपूजेचा मांडव उतरतो न उतरतो तोच कुणाचं लग्न, कुणाची सभा, कुणाचं रक्तदान शिबिर, आणि प्रत्येकाचा कर्णा नेमका माझ्या खिडकीकडे तोंड करून. मग एके दिवशी सगळं थांबतं. मुलं अभ्यासाला बसली म्हणून सरकार हुकूम काढतं आणि नवल म्हणजे तो पाळलाही जातो. त्या शांततेत कोकीळ नको इतका ऐकू येतो. शेवग्याच्या फुलांचा फुटपाथवर सडा पडतो, घरोघरी कडुलिंबाचा पाला आणि वांगी तळल्याचा वास सुटतो. लोक म्हणतात, वसंत आला. मला मात्र धास्ती वाटते. मी स्वतः जन्मभर शाळेत शिकवलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तरी वाटतेच.

याच दिवसांत वर्तमानपत्रांत परीक्षेच्या युक्त्या छापून येऊ लागतात. कुणी हसऱ्या चेहऱ्याचे तज्ज्ञ सांगतात: आधी सगळी प्रश्नपत्रिका वाचा, सोपं आधी लिहा, वेळ वाटून घ्या, शांत राहा. मला ते वाचून राग येतो. रागवण्यासारखं त्यात काही नसतं, सगळं बरोबरच असतं. पण हे सगळं मला माझ्या ताईनं सांगितलं होतं, या मंडळींच्या जन्माआधी आणि यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं. आणि त्याचं पुढे काय झालं, ते मला माहीत आहे.

सत्तरच्या आसपासची ती वर्षं. बाबा रेल्वेच्या कचेरीत होते आणि आम्ही गार्डन रीचला कॉलनीत राहत होतो. घराच्या मागे नदी. पहाटे जहाजांचे भोंगे वाजत, त्यांच्याबरोबर ताई उठायची. ती बी.एस्सी.ला होती, फिजिक्समध्ये ऑनर्स. मी तिच्याहून बरीच लहान, फ्रॉकमधली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती अभ्यास करी, कारण तिथे नदीवरचा वारा येई. आई तिच्या पुस्तकांवरून पाय उचलून आत-बाहेर करायची आणि दर वेळी पुस्तकाला नमस्कार करायची.

अभ्यास पुष्कळ जण करतात. ताईला परीक्षा देता येत असे, आणि ही वेगळी विद्या आहे असं तिचं ठाम म्हणणं होतं. "सगळ्यात चांगला येतो तो प्रश्न पहिला लिहायचा नाही," ती मला सांगायची. "हात तापलेला नसतो, अक्षर बसलेलं नसतं. दोन नंबरचा आधी घे. चांगला मध्ये घे, म्हणजे तपासणारा कंटाळला असला तरी जागा होतो. पुरवणी घेतली की तिथल्या तिथे दोऱ्यानं बांधून टाक. आणि शेवटची पंधरा मिनिटं आपली नाहीत. त्यात नवीन काही लिहायचं नाही, नुसतं तपासायचं." पेपर हातात आल्यावर तो अथपासून इतिपर्यंत वाचून होईस्तोवर पेनाचं टोपण काढायचं नाही. पेपर झाल्यावर जिन्यात कुणाशी बोलायचं नाही. मला तिसरीची परीक्षा द्यायची असली तरी हे सगळं लागू होतं. कॉलनीतली बंगाली मुलं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या पायऱ्यांवर येऊन बसत, 'मराठी दिदी'कडून हे ऐकायला. त्यांच्या आया त्यांना परीक्षेच्या दिवशी अंडं खाऊ देत नसत, खाल्लं तर भोपळा मिळतो म्हणून. आमची आई दही-साखर हातावर ठेवी. ताई दोघींनाही हसायची, आणि दही मात्र न चुकता खायची.

पलीकडच्या ब्लॉकमधली शिखा तिच्याच वर्गातली. शिखादी ही ताईच्या विद्येला लागलेला कलंक होती. पेपर हातात पडला की एक नंबरच्या प्रश्नापासून लिहायला लागायची आणि घंटा होईपर्यंत लिहीत राहायची. पोहोचेल तिथवर. ताई कपाळाला हात लावायची. "अगं, तू परीक्षेला बसतेस की दळायला?" असं ती तिला मराठीतच विचारायची आणि शिखादी न समजताच हसायची.

नदीच्या घाटावर आम्ही तिघी संध्याकाळी जाऊन बसत असू. बोटींमधून सांडलेलं तेल पाण्यावर पसरलेलं असे आणि उन्हं उतरली की त्यात निळे, जांभळे, पिवळे पट्टे उमटत. मी विचारलं, रंग कुणी टाकला? ताई म्हणाली, "कुणी नाही. तेलाचा थर पातळ आहे ना, त्याच्या वरून थोडा उजेड परततो आणि खालून थोडा. दोघं वाटेत भेटतात. कुठे दोघं मिळून एखादा रंग उजळतात, कुठे एकमेकांना मारून टाकतात." मला तेव्हा काय कळलं असेल कोण जाणे. पण शब्द न शब्द लक्षात राहिला, आणि पुढे मी पोरींना विज्ञान शिकवलं तेव्हा हा धडा असाच शिकवला.

त्या काळात परीक्षा ठरलेल्या दिवशी होत नसत. भिंतीभिंतींवर क्रांतीच्या, परीक्षांवर बहिष्काराच्या घोषणा रंगवलेल्या, कुठे बॉम्ब पडलेला, कुठे संचारबंदी, कुठे संप. तारीख लागायची आणि पुढे जायची. पुन्हा लागायची, पुन्हा जायची. आमच्या घराचं सगळंच त्या तारखेला बांधलेलं होतं. बाबांची बिलासपूरला बदली झाली होती आणि मुलीची परीक्षा होऊ द्या म्हणून ते साहेबांकडून मुदत मागून घेत होते. एकदा जेवताना त्यांनी ताईला सरळ सांगितलं, "मार्क पडून ऑनर्स टिकलं तर तू इथे हॉस्टेलवर राहा, एम.एस्सी. कर. मी कसंही करून निभावीन. नाही टिकलं तर सगळ्यांबरोबर बिलासपूरला चल. तिथे पुढचं काही नाही, ते तुलाही माहीत आहे." ताई म्हणाली, "टिकेल." त्यात काही घमेंड नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि आम्हालाही.

तेव्हापासून आमच्या घरी एकच उत्तर होतं. पुण्याहून आत्या बोलवायची, आई म्हणायची, ताईची परीक्षा व्हायची आहे. खिडक्यांचे पडदे विरले होते, ताईची परीक्षा व्हायची आहे. माझे टॉन्सिल काढायचे होते, ताईचं स्थळ बघायचं होतं, सगळ्याला तेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं सुगडांत बोरं भरली आणि ताईनं त्यातली मूठभर खाल्ली, तेव्हा शिखादी केवढ्यानं किंचाळली होती! "ओ मा! कूल खेये निले? एबार फेल कोरबे तो!" सरस्वतीपूजा होईपर्यंत बंगाली विद्यार्थी बोराला, त्यांच्या 'कूल'ला, शिवत नाहीत, देवीला वाहिल्याशिवाय खाल्लं तर नापास होतात. आणि आमच्याकडे संक्रांतीला बोरांशिवाय सुगड पुरं होत नाही. ताईनं आणखी एक बोर तोंडात टाकलं आणि बी लांब उडवली.

शेवटी एकदाची परीक्षा लागली आणि खरोखरच सुरू झाली. वैशाखातला उकाडा, वर लोडशेडिंग. उत्तरेकडच्या एका कॉलेजात सीट पडली होती. बाबा ताईला आणि शिखादीला घेऊन बसने एस्प्लनेडपर्यंत जात, तिथून ट्राम पकडून देत आणि मग कचेरीला उलटे येत. पहिले पेपर झाले. ताई जिन्यात कुणाशी बोलत नव्हती, घरी येऊनही बोलत नव्हती, पण भात मागून घ्यायची, त्यावरून आम्हाला कळायचं. मग प्रकाशाचा पेपर आला. हा तिचा सगळ्यात आवडता.

त्या दिवशी त्या दोघी दुपारीच परत आल्या. शिखादी रडत होती. ताई पलंगावर बसली, तिच्या बोटांना शाई होती आणि मुठीत पेनाचं नुसतं टोपण होतं. पेन तिथेच राहिलं होतं. शिखादीनं सांगितलं ते असं, की बाहेरून ती बहिष्कारवाली मुलं आली, आमच्यापेक्षा मोठी नसतील, त्यांनी सगळ्यांचे पेपर गोळा केले आणि फाडून खिडकीबाहेर टाकले. आरडाओरडा फारसा झालाच नाही. एक जण तर म्हणत होता, "दिदी, बाड़ी जान," घरी जा. ताईनं आपला पेपर ओढून धरला नाही. पुरवण्या दोऱ्यानं बांधलेल्याच होत्या. पर्यवेक्षकाला द्यावा तसा तिनं तो त्याच्या हातात दिला.

बाबा घाईघाईने आले तेव्हा ती त्यांना एवढंच म्हणाली, "बाबा, सगळं झालं होतं. नुसतं तपासायचं राहिलं होतं."

पातळ थरावरचे रंग आले होते त्यात. घाटावरचे. ती म्हणाली, इतकं चांगलं मी पुन्हा कधी लिहिणार नाही.

तेवढ्या पेपराची परीक्षा रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि नवी तारीख येईपर्यंत पुन्हा तेच वाट बघणं सुरू झालं. आता इथली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. या शहरातला विद्यार्थी जगतो तो 'सजेशन'वर. यंदा काय येईल याचा अंदाज म्हणजे सजेशन. तो शिकवणीचे मास्तर देतात, वरच्या वर्गातली मुलं देतात, कोपऱ्यावरचा पानवालाही देतो. आणि सगळ्या सजेशनांचा पाया एकच: मागच्या खेपेला विचारलं ते या खेपेला येत नाही. एवढं सोडून द्या आणि उरलेल्यात जीव ओता. ही काही आळशांची युक्ती नव्हती. हुशारातली हुशार मुलं असाच अभ्यास करत, आणि ती वर्षानुवर्षं खरी ठरत आली होती.

बाबा ताईची समजूत घालायला म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं. तेवढे प्रश्न तरी कमी झाले. विचारून झालेत ते." मास्तर तेच म्हणाले. कॉलेजातल्या सगळ्या मुली तेच म्हणाल्या. "ओ आर आशबे ना," ते आता पुन्हा यायचं नाही. ताईनं ते प्रश्न वगळून बाकीचा अभ्यास नव्यानं लावला. मला वाटतं, कुणी काही म्हटलं नसतं तरी तिनं ते वगळलेच असते. ती पानं तिला उघडवत नव्हती. मी एकदा घाटावर चल म्हटलं तर म्हणाली, "नको, तिकडे वास येतो." नदीला वास नेहमीचाच होता.

शिखादीनं मात्र तसं केलं नाही. तिला त्या दिवशी पातळ थराचा प्रश्न जमलाच नव्हता आणि त्याची तिला लाज वाटत होती, रोज घाटावर ऐकलेलं आणि लिहिता आलं नाही म्हणून. घरी जाऊन तिनं तेच पान काढलं आणि घोकलं. ताईनं तिला समजावलं, वेळ कशाला घालवतेस, ते संपलं आता. शिखादी म्हणाली, असू दे, मला येत नव्हतं ना.

फेरपरीक्षा झाली ती दुर्गापूजेच्या थोडी आधी. रस्तोरस्ती मांडवांचे बांबू येऊन पडले होते. आईनं दही दिलं. ताई संध्याकाळी घरी आली आणि भात नको म्हणाली.

तिनं त्या पेपराबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही. मला कळलं ते शिखादीकडून, फार वर्षांनी. शिखादी बराकपूरला कॉलेजात शिकवायला लागली होती आणि मी लग्न होऊन याच शहरात परत आले होते. सियालदाहून तिच्याबरोबर एकदा गाडीनं जात होते, डब्यात गर्दी नव्हती. तिनं आपणहून विषय काढला. बंगालीतच बोलत होती. "प्रश्न तेच होते ग. नंबर बदललेले, शब्द थोडे इकडचे तिकडे. सगळा हॉल ओरडला. मग कुणी वह्या काढल्या, कुणी पुस्तकं. त्या वर्षी काढायचेच सगळे, पर्यवेक्षक खिडकीतून बाहेर बघत होते. तुझी ताई माझ्या शेजारच्या बाकावर. तिनं नियमाप्रमाणे सगळा पेपर वाचला. पुन्हा वाचला. मग पेनाला टोपण लावून बसली. मी माझा पेपर बाकाच्या कडेला सरकवला, तिला दिसेल असा. म्हटलं, लिही ना, सगळे लिहितात. तिनं बघितलंसुद्धा नाही. थोडं काही लिहिलं, ते खोडलं."

"विसरली होती का ग ती?" मी विचारलं.

शिखादी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "विसरेल कशी? जिन्यात तिनं माझा हात धरला. जिन्यात बोलायचं नाही म्हणणारी ती. म्हणाली, शिखा, हे मी लिहून दिलंय ना ग? कितीदा लिहायचं?"

ते प्रश्न पुन्हा का आले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुष्टपणा कुणाचाच नसावा. रद्द झालेली परीक्षा कागदोपत्री झालीच नव्हती. आणि जी परीक्षा झालीच नाही, तिच्यातले प्रश्न विचारलेले कसे असतील? पेपर काढणाऱ्याच्या लेखी ते कोरे होते. आमच्या लेखी ते विचारून, लिहून, फाडून झालेले होते. ताईच्या सगळ्या युक्त्या खऱ्या होत्या, आजही खऱ्या आहेत. पण त्या सगळ्या एकच गोष्ट धरून चालतात, की पलीकडे कुणीतरी बसलं आहे आणि आपण काय लिहिलं ते त्याच्यापर्यंत पोहोचणार आहे. तेच नसेल तर काय करायचं, हे मला आजवर कुठल्या तज्ज्ञानं सांगितलेलं नाही. मलाही सांगता येत नाही. शाळेत दर वर्षी मला 'परीक्षेला सामोरं कसं जावं' यावर बोलायला लावत. मी ताईचे नियम सांगायची आणि पोरी टाळ्या वाजवायच्या. मला त्या टाळ्या सहन होत नसत.

निकाल पुढच्या वर्षावर गेला. ताईचं ऑनर्स गेलं. 'केटे गेछे' म्हणतात इथे, पतंग कटावा तसं. नुसती पास झाली. शिखादीचं टिकलं. ताई तिच्या घरी जाऊन पेढे देऊन आली, आईनं केलेले.

घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. आईनं बोरांना दोष दिला. पुढे बिलासपूरला ढिगानं बोरं मिळत, पण तिनं सुगडात बोर घालणं सोडलं ते सोडलंच, बायका विचारायच्या तर गाजर जास्त घालते म्हणायची. बाबांनी कशालाच दोष दिला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "एका अर्थी बरंच झालं" हे शब्द त्यांच्या बोलण्यातून गेले. कुणी सहज म्हटलं तरी ते उठून जात. सामान बांधताना ताईची पुस्तकं कुठे ठेवायची, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "शिखाला द्या." ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली. मी मात्र न्हाणीघरात जाऊन रडले. हॉस्टेलवर तिला भेटायला यायचं, ती मला ट्रामनं फिरवणार, असं आमचं ठरलं होतं. ते सगळं मी नळ सोडून रडून घेतलं.

बिलासपूरहून तिचं रायपूरला लग्न झालं. माणसं चांगली मिळाली. मुलं झाली, शिकली. त्यांचा अभ्यास तिनं एक दिवसही घेतला नाही, शिकवणी लावली. कलकत्त्याला मी इतक्यांदा बोलावलं, माझ्या मुलीच्या लग्नालासुद्धा. कधी उन्हाळा असे, कधी गुडघे. मी तिच्याकडे जाते तेव्हा ती छान हसते, छान खायला घालते. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडून रंग पसरलेले असले की ती पदर सावरून बाजूनं जाते. मी बघितलं आहे.

एकच गोष्ट ती करते. माझी नात ईरा आता दहावीला आहे, मला बंगालीतलं 'दिदा' म्हणते. तिचं मराठी म्हणजे बंगाली आणि हिंदीची खिचडी, वर मराठी फोडणी. पण मावशीआजीशी तिचं जमतं. शाळेची कुठली परीक्षा आली की ती रायपूरला फोन लावते आणि ताई तिला तेच सगळं सांगते. दोन नंबरचा आधी. पुरवणी तिथल्या तिथे बांध. शेवटची पंधरा मिनिटं आपली नाहीत. मी शेजारच्या खोलीत शेंगा निवडत ऐकत असते आणि वाटतं, आहे, अजून आहे.

काल कर्णे बंद झाले. संध्याकाळी ईरानं फोन लावला. नेहमीचं सगळं झालं आणि मग मी तिला म्हणताना ऐकलं, "मावशीआजी, आमचे सर बोलले की जो मागच्या साली आला तो चॅप्टर छोडून द्यायचा. सोडू का मी?"

माझे हात थांबले.  पलीकडून ताई काहीतरी बोलली, थोडंसंच, आणि ईरानं फोन ठेवला. ती माझ्याकडे आली तेव्हा जरा गोंधळलेली होती.

"काय म्हणाली ग?"

"मला पूछू नको म्हणाली. म्हणाली, मला काय माहीत बाळा, माझी परीक्षा अजून व्हायची आहे." ईरा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "दिदा, मजाक करत होती ना?"

मी म्हटलं, हो, थट्टा करत होती. ते प्रकरण मात्र सोडू नकोस, नीट वाच. मग शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि परीक्षा होईपर्यंत ईराला अंडं देऊ नकोस, रोज दही लावत जा, असं लेकीला सांगायला आत गेले.